कूलरचा पंखा, भाग ३: पाचातलं एकच पातं

मागच्या भागात पात्यांवरचा ताण आणि थरथर तपासायला अख्ख्या पंख्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल उभं केलं होतं. १८ इंची पंखा, पत्र्याची पाच पाती, १४०० आरपीएमची मोटर. मार्च सरता सरता आपल्याकडे घरोघरी माळ्यावरून खाली उतरतो तोच. पत्रा पातळ म्हणून जाळी (मॉडेलचे छोटे छोटे तुकडे) बारीक लागते, बारीक जाळीला रॅम पुरत नाही, आणि सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) रंगात आला की लाइन जाते. म्हणून आता ७२ अंशांची एक फाक कापून कॅल्क्युलिक्स या सॉफ्टवेअरमध्ये सायक्लिक सिमेट्री लावली आहे, म्हणजे एकच फाक सोडवायची आणि बाकीच्या चार तिच्यावरून काढायच्या.

काप सरळच हवा असं नाही. एक काप अक्षाभोवती ७२ अंश फिरवला की दुसऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे, एवढीच अट. पातं पिळलेलं असल्यामुळे सरळ काप त्याच्या मधूनच गेला असता, म्हणून दोन पात्यांमधल्या जागेतून वाकडा नेला. दोन्ही कापांवरची जाळी एकसारखी असली की बरं. जीमेश या जाळी बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘पीरिऑडिक सरफेस’ला रोटेट देऊन ते होतं.

इथे आरशाची सिमेट्री चालत नाही, पातं आरशात पाहिलं तर उलटं पिळलेलं दिसतं. सायक्लिकमध्ये कापावरचे नोड (जाळीचे बिंदू) अडकवलेले नसतात. एका कापाची हालचाल ७२ अंश फिरवून दुसऱ्याला दिलेली असते, इतकंच. त्यामुळे स्टॅटिकमध्ये, म्हणजे स्थिर भाराच्या हिशेबात, फाक अक्षाभोवती गरगर फिरायला आणि अक्षावर सरकायला मोकळीच राहते. हबचं, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या भागाचं, भोक धरून ठेवायला विसरू नका.

आता भार. कॅल्क्युलिक्सला सेंट्रिफ्युगल (फिरण्यामुळे बाहेर ओढणाऱ्या) भारात ओमेगा, म्हणजे फिरण्याचा वेग, नव्हे, त्याचा वर्ग लागतो. १४०० आरपीएम म्हणजे १४६.६ रेडियन प्रति सेकंद, वर्ग सुमारे २१,५००. कूलरचा शाफ्ट आडवा, त्यामुळे प्रत्येक पात्यावर वजनाची दिशा वेगळी पडते आणि ते सिमेट्रीत बसत नाही. पण अक्षापासून २० सेंटिमीटरवर त्वरण ४,३०० मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, गुरुत्वाच्या जवळपास ४४० पट! वजन सरळ सोडून दिलं. छताच्या पंख्याचं वजन अक्षाच्याच दिशेने असतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

खरी मजा फ्रिक्वेन्सीत, म्हणजे पातं सेकंदाला किती वेळा थरथरतं त्यात, आहे. फिरताना पातं ताणलं जाऊन ताठ होतं, म्हणून आधी स्टॅटिक स्टेप, मग तिच्यावर पर्टर्बेशन लावून, म्हणजे तो ताण धरून, फ्रिक्वेन्सी. थरथरीची लाट पंख्याभोवती एका फेऱ्यात किती वेळा पुरी होते, तो आकडा म्हणजे नोडल डायमीटर. पाच पात्यांना तो ०, १ आणि २ एवढेच. त्यातले १ आणि २ जोडीने येतात, म्हणजे १+२+२, पाच पात्यांचे पाच मोड (थरथरण्याचे प्रकार). नुसता ० सोडवला तर पाचही पाती एकदम एकाच बाजूला वाकतात तेवढंच दिसतं. म्हणून एनमिन (सर्वात लहान डायमीटर) ०, एनमॅक्स (सर्वात मोठा) २ द्या.

मोटरच्या स्टँडला तीन हात आहेत. पातं एका फेऱ्यात तीनदा त्यांच्यासमोरून जातं आणि तीनदा हवेचा धक्का खातं. १४०० आरपीएम म्हणजे २३.३ हर्ट्झ, तिप्पट ७०. हा धक्का तीन डायमीटरचा, पण पाच पात्यांवर तो दोनचाच भासतो, कारण पाचातून तीन गेले की दोन. म्हणजे ७० हर्ट्झच्या आसपास डायमीटर २ चा मोड नको, नाहीतर धक्क्यांनी थरथर वाढत जाईल. स्टँड चार हातांचा असता तर ९३ हर्ट्झ आणि डायमीटर १ पाहावा लागला असता. हात कितीही असोत, हा हिशेब आधी कागदावर करा, मगच सॉल्व्हर लावा.

खात्रीसाठी जाड जाळीची तीच फाक पाच वेळा फिरवून अख्खा पंखाही सोडवला. फ्रिक्वेन्सी जुळल्या.

हे सगळं गावातल्या मोटर वायंडिंगवाल्या काकांना दाखवलं. स्क्रीनवर फिरणारी पाती पाहून ते म्हणाले, “पंखा थरथरते तो एका वाकड्या पात्यापायी, अन् तू म्हन्तं पाचही सारखे!” मुद्दा बिनतोड आहे. एक पातं वाकलं, एक रिव्हेट ढिला झाला की फाकेचं मॉडेल तिथेच थांबतं. हबला शाफ्टवर आवळणारा एकुलता एक स्क्रूसुद्धा सिमेट्री मोडतोच. पुढच्या भागात अख्खा पंखा, त्यातलं एक पातं दोन अंश जास्त पिळलेलं. त्यासाठी रॅमची एक पट्टी मागवली आहे.