फ्री केल्यानंतर पॉइंटरमध्ये काय उरते?

मॅलॉक या फंक्शनने मागून घेतलेली मेमरी फ्री या फंक्शनने परत करायची, हे वाक्य नाशिकमध्ये माझ्याकडे सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते; परंतु फ्री काय करत नाही, हे विचारले की वर्गात शांतता पसरते. फ्रीला मिळते ती पॉइंटरमधल्या, म्हणजे मेमरीचा पत्ता साठवणाऱ्या चलातल्या, पत्त्याची केवळ प्रत, त्यामुळे तो पॉइंटर बदलणे तिला शक्यच नसते. मेमरीवरचा आपला हक्क संपतो, पण जुना पत्ता जागच्या जागी राहतो, आणि त्या पत्त्यावर पुन्हा वाचले, लिहिले किंवा तोच पत्ता दुसऱ्यांदा फ्री केला, तर पुढे काय होईल याची कोणतीही हमी भाषा देत नाही. नल पॉइंटर, म्हणजे कशाचाही पत्ता न दाखवणारा पॉइंटर, फ्री करणे मात्र पूर्ण निर्धोक आहे. म्हणून फ्रीनंतर लगेच पॉइंटरला नल देण्याची सवय मला मोलाची वाटते, जरी त्याच पत्त्याच्या इतर प्रती तिने सुरक्षित होत नसल्या तरी.

लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये (घटकात) पुढच्या नोडचा पत्ता असलेली साखळी, मोकळी करताना ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. आधी नोड फ्री करून मग त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचणारा लूप कधी चालतो, कधी कोसळतो. लिनक्सवरील ग्लिबसी ही सीची लायब्ररी मोकळ्या झालेल्या मेमरी ब्लॉकच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये स्वतःच्या नोंदी लिहिते, आणि आपला पुढचा पत्ता नेमका तिथे असेल तर तो पुसला जातो. पुढचा पत्ता आधी वेगळा ठेवावा आणि मगच नोड फ्री करावा.

"सर, प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी परत घेतेच ना?" हा प्रश्न रास्त आहे आणि विंडोज किंवा लिनक्सवर त्याचे उत्तर होकारार्थीच आहे. पण हेच विद्यार्थी उद्या सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात यंत्रांची माहिती रात्रंदिवस गोळा करणारा प्रोग्रॅम लिहितील, आणि तो संपण्यासाठी लिहिलेलाच नसतो. दर सेकंदाला १०० बाइट फ्री करायचे राहून गेले, तर दिवसाला ८६ लाख ४० हजार आणि ३० दिवसांत सुमारे २६ कोटी बाइट अडकून पडतात; छोट्या उपकरणाला एवढी गळती पुरून उरते.

घेतलेल्या ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या रीअलॉकमध्ये गळतीची वाट आणखी अरुंद, म्हणून सहज नजरेआड होणारी आहे. ते अयशस्वी झाले तर नल परत येते, पण जुना ब्लॉक तसाच शाबूत असतो. उत्तर थेट मूळ पॉइंटरमध्येच साठवले, तर त्या ब्लॉकचा एकमेव पत्ता हरवतो. उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घेणे एवढाच त्यावर उपाय आहे.

व्हॅलग्राइंड आणि ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरीच्या चुका शोधणारी साधने वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक चुका ओळ क्रमांकासह दाखवतात, आणि ती साधने पहिल्या सत्रापासून वापरावीत असे माझे ठाम मत आहे. मात्र ब्लॉक कोणी फ्री करायचा, हे ठरवणे आपल्याकडेच राहते. स्ट्रिंगची (मजकुराची) प्रत करून देणारे स्ट्रडुप वापरताना मॅलॉक कुठेच दिसत नाही, तरी मिळालेली स्ट्रिंग फ्री करण्याची जबाबदारी ते बोलावणाऱ्या कोडची असते. उलट फाइल उघडणाऱ्या एफओपनने दिलेला पॉइंटर कधीही फ्री करायचा नसतो, तो फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजकडेच सोपवायचा असतो.