१५ डेनिअरची भानगड

पुरुष झिरझिरीत स्टॉकिंग्ज का घालतात असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो, मुळात कुणीही का घालतं? मी रिसेप्शनवर नोकरी करायचे तेव्हा युनिफॉर्मचा भाग म्हणून वर्षानुवर्षं घातलेत, स्किन कलरचे, कंपल्सरी, आणि त्या काळातलं मला काय आठवतं तर कमरेला करकचणारं इलॅस्टिक, उकाड्यात मांड्यांना चिकटणारं नायलॉन आणि पर्समध्ये कायम असलेली ट्रान्सपरंट नेलपॉलिशची बाटली. नखांना लावायला वेळ कुणाला होता, ती असायची कुठे टाका सुटला तर तिथे पटकन टिपका द्यायला, म्हणजे उसवण वर मांडीपर्यंत चढत नाही. नोकरी सोडली आणि पहिला तो ड्रॉवर रिकामा केला.

त्यामुळे माझा एक जुना मित्र गप्पा मारता मारता, विषय थंडीत आतून काय घालावं असा काहीतरी चालू होता, सहज बोलून गेला की तो पँटच्या आत १५ डेनिअरचे घालतो, बऱ्याच वर्षांपासून, तर मला काही धक्का वगैरे बसला नाही पण विश्वासच बसेना. म्हटलं थंडीसाठी? तर म्हणे नाही गं, १५ डेनिअरने कसली थंडी जाते, आवडतात म्हणून घालतो. आवडतात! ते!!

डेनिअर म्हणजे काय ते आधी सांगते कारण सगळी भानगड तिथेच आहे. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम भरतं तितके डेनिअर. म्हणजे १५ डेनिअरचा धागा नऊ किलोमीटर लांब काढला तरी वजन १५ ग्रॅम. आता बघा, ८० डेनिअरच्या जाड काळ्या टाईट्स घालून एखादा माणूस पळायला गेला, सायकलवर बसला, तर कुणी ढुंकूनही बघत नाही, उलट काय फिटनेस आहे म्हणतील. विणकाम तेच, नायलॉन तेच, ताणलं जाणारं स्पॅन्डेक्सही तेच. पण हाच आकडा खाली खाली आणत जा, कुठेतरी ४०-३० च्या आसपास कापडातून कातडी दिसायला लागते आणि लोकांच्या भुवया वर जायला लागतात, आणि १५ ला आलं की मग हा काय प्रकार, बरा आहे ना हा. पाय झाकलेला चालतो, उघडा तर बिनधास्त चालतो, शॉर्ट्स घालून सगळं गाव फिरतं, पण अर्धवट झाकलेला पुरुषाचा पाय काही लोकांना सहन होत नाही. ह्याचं लॉजिक मला आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि हे काही पूर्वापार चालत आलेलंही नाही. युरोपात कित्येक शतकं पाय दाखवायचे ते पुरुषांनीच. बायकाही स्टॉकिंग्ज घालायच्याच पण जमिनीपर्यंत लोळणाऱ्या घेरदार स्कर्टखाली, कुणाला दिसणार. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने स्टॉकिंग्ज विणायचं यंत्र बनवलं, एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट दिलं नाही म्हणतात, हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून, पण यंत्र काही थांबलं नाही. यासिंत रिगोने १७०१ मध्ये काढलेलं फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्र शोधून बघा एकदा, राजाने साठी ओलांडलीय आणि अंगावरचा तो भलामोठा झगा मुद्दाम बाजूला सारून पांढऱ्या रेशमी स्टॉकिंग्जमधला पाय पुढे काढून उभा आहे, लाल टाचांचे बूट घालून, चेहऱ्यावर भाव असा की बघा आणि जळा. पुढे पुढे तर ज्यांच्या पोटऱ्या काडीसारख्या ते स्टॉकिंग्जच्या आत पॅड भरायचे! मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, गुडघ्यापर्यंतची तुमान आणि खाली रेशीम ही सरदारांची खूण ठरली, लांब पँट म्हणजे सामान्य माणूस, आणि मान सलामत ठेवायची तर पाय झाकलेले बरे असं बऱ्याच जणांना वाटलं असणार. तरी काही ठिकाणी राहिलंच. इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरला, म्हणजे त्या काळी लॉर्ड्सच्या सभागृहाचा जो अध्यक्ष असायचा त्याला, रोजच्या कामाच्या वेळी तुमान आणि टाईट्स न घालण्याची मुभा मिळाली कधी, तर १९९८ साली, तीही सभागृहात मतदान होऊन. आणि स्पेनमधला बैलाशी झुंजणारा मातादोर आजही गुलाबी स्टॉकिंग्ज घालूनच रिंगणात उतरतो, त्याला जाऊन विचारा बायकी दिसतंय का म्हणून.

बायकांची वस्तू म्हणून ह्याची जी ओळख आहे ती फार तर शंभरेक वर्षांची. स्कर्ट वर सरकले, पाय दिसायला लागले, मग १५ मे १९४० ला अमेरिकेत नायलॉनचे स्टॉकिंग्ज सगळीकडे विक्रीला आले आणि झुंबड उडाली, मग युद्धात सगळं नायलॉन पॅराशूटकडे वळवलं, युद्ध संपल्यावर दुकानांबाहेर अक्षरशः मारामाऱ्या झाल्या. दोन पायांना दोन वेगळे स्टॉकिंग्ज आणि ते धरून ठेवणारे क्लिपांचे पट्टे ह्याच्याऐवजी कमरेपर्यंत सलग असलेलं पँटीहोज आलं १९५९ ला, अ‍ॅलन गँट नावाच्या गिरणीवाल्याने केलं, कारण त्याच्या गरोदर बायकोला त्या पट्ट्यांचा वैताग आला होता. म्हणजे यंत्र पुरुषाचं, मिरवले पुरुषांनी, पँटीहोजही पुरुषाने काढलं, आणि आता पुरुषाने घातलं की प्रश्न.

पण माझा मित्र काही चौदाव्या लुईच्या प्रेमाखातर घालत नाही हे मला कळतं. इतिहास हा भांडणात तोंडावर फेकायला बरा, पण सकाळी उठून माणूस इतिहास म्हणून पायात काही चढवत नसतो.

मला इंटरेस्टिंग वाटतं ते म्हणजे पुरुषाने घातलेले चालतात कधी, तर सोबत कारण आणलं की. डॉक्टरने सांगितलंय, व्हेरिकोज व्हेन्स आहेत, म्हणजे पायातल्या शिरा फुगल्यात, ठीक, विषय संपला, उलट काळजीने चौकशी होते. (ते पाय आवळून धरणारे कॉम्प्रेशनचे स्टॉकिंग्ज, म्हणजे वर जाताना दाब कमी होत जाणारे, तेही एका पुरुषाने स्वतःसाठी शोधले, कॉनराड जॉब्स्ट नावाचा इंजिनिअर, पायातल्या शिरांचा त्रास, पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटायचं, विचार केल्यावर लक्षात आलं की पाणी जितकं खोल तितका दाब जास्त म्हणजे घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर कमी कमी, तोच हिशोब १९५० च्या सुमाराला त्याने कापडात उतरवला.) घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी घालतात, मांड्या सोलवटू नयेत म्हणून, चालतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे लाइफगार्ड, चांगले दांडगे गडी, पूर्वी पँटीहोज चढवून समुद्रात उतरायचे कारण एवढ्या पातळ थरानेही जेलीफिशचा डंख कातडीपर्यंत पोचत नाही, तेही चालतं, कौतुकच होतं. अमेरिकन फुटबॉलवाला जो नेमॅथ, त्याने १९७४ मध्ये पँटीहोजची जाहिरात केली, कॅमेरा पायाच्या बोटांपासून वर वर येतो आणि शेवटी दिसतो हा, पण लगेच सांगतो की मी काही हे घालत नाही हां, माझे पाय असे दिसतात तर तुमचे कसे दिसतील बघा. जगासमोर घातलेत आणि तोंडाने म्हणतोय घालत नाही, पुरुषांची अडचण ह्याहून नेमकी कुणी दाखवलेली मला माहीत नाही.

म्हणजे आजार चालतो, खेळ चालतो, जीवाची भीती चालते, पैसे मिळत असतील तर जाहिरातही चालते. बरं वाटतं, हे एकच कारण चालत नाही. आणि मित्राचं कारण नेमकं तेच.

मी त्याला खोदून खोदून विचारलं की बरं वाटतं म्हणजे काय वाटतं, तर आधी लाजला आणि मग म्हणाला, अंगाशी नेमकं बसलेलं ब्लँकेट असतं ना, तसं, दिवसभर, पण वजन नाही. पँटचं कापड पायावर घासत नाही, नायलॉनवरून सरकतं, चालताना ते जाणवत राहतं. हे नुसतं त्याच्या डोक्यात नाही बरं का. पायावरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी मज्जातंतूंची टोकं असतात, आणि केसाळ कातडीत तर हळुवार स्पर्शासाठी म्हणून वेगळे तंतूच असतात, हलक्या, सावकाश फिरणाऱ्या स्पर्शाला ते सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात आणि मेंदूपर्यंत निरोप पोचतो तो छान वाटण्याचा. आता असा पाय वर्षानुवर्षं जीन्समध्ये कोंबायचा आणि मग एक दिवस त्याच्यावर १५ डेनिअर चढवायचं, काय होईल? मी घालायचे तेव्हा वॅक्स केलेल्या पायांवर आणि घाईत आणि शिफ्टला उशीर होतोय म्हणून शिव्या देत, मला काय घंटा जाणवणार.

बाकी कारणंही असतातच, उगाच सोवळेपणा कशाला. कुणाला त्यात लैंगिक मजा येते, कुणाला ती बाईपणाची वाट असते आणि त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट असते, कुणाला आपले पाय तसे दिसलेले आवडतात, गुळगुळीत, एकसारख्या रंगाचे, डाग न दिसणारे, म्हणजे आम्ही ज्यासाठी घालायचो अगदी तेच, आणि कुणाला नुसती ती गंमत की मीटिंगमध्ये सगळे गंभीर चेहरे करून बसलेत आणि टेबलाखाली आपलं काय चाललंय हे फक्त आपल्याला माहिती. एकाच माणसाची दोन-तीन कारणंही असू शकतात, मंगळवारी एक शुक्रवारी दुसरं. लोकांना मात्र एकच पाहिजे असतं, म्हणजे एकदा शिक्का मारून मोकळं व्हायला बरं.

मला शेवटी जे खुपलं ते वेगळंच, थोडा हेवाच म्हणा. माझ्यासाठी ती तपासली जाणारी गोष्ट होती, सुपरवायझर येता जाता पायांकडे बघायच्या, उसवलंय का, रंग बरोबर आहे का, उघडे पाय म्हणजे गबाळेपणा. तीच वस्तू, तोच धागा, ह्याला कुणी कधी घाल म्हटलं नाही, उलट सगळं जग नको म्हणतंय, आणि म्हणून हा बिचारा रात्री दहा रिव्ह्यू वाचून, मांडीला कुठला बसेल ह्याचा अभ्यास करून मन लावून निवडतो. १९९० च्या दशकात ऑफिसांचे ड्रेसकोड सैल होत गेले तसतशी बायकांनी धडाधड पँटीहोज सोडून दिली, खप घसरला, आणि त्याचं कारण मला कुठल्या रिपोर्टात वाचायची गरज नाही. ज्या सक्तीतून आम्ही पळालो तिथे हे पुरुष मागच्या दाराने, हौसेने, चपला हातात घेऊन शिरतायत. मला कुणी सक्ती केली नसती तर आवडले असते का? काय की.

असो, घालतोच आहे तर नीट तरी घाल म्हणून मी त्याची शिकवणी घेतली. हा मोज्यासारखे ओढून घालायचा! मग फाटणारच. आधी पायाची नखं, अंगठ्याचं विशेषतः, मग हाताला क्रीम, मग बसून, पूर्ण पाय बोटांपर्यंत गोळा करून, सावकाश वर. साइज पाकिटावरच्या उंची-वजनाच्या तक्त्यावरून घ्यायची आणि मधे आलात तर वरची घ्यायची, पुरुषांनी तर नक्कीच, कारण बेतणं बायकांच्या अंगाचं असतं आणि पंजा तुमचा होडीएवढा. धुवायचे हाताने, पिळायचे नाहीत. पुरुषांसाठी वेगळे बनवतात काही कंपन्या, पण त्याचं म्हणणं त्यात रंगच मिळत नाहीत.

घरी माहीत आहे का, असं विचारलं. आहे म्हणाला, पहिल्यापासून, बायकोची त्यावर तक्रार एकच, हा कधीकधी तिच्यातले घेऊन जातो आणि टाचेला उसवलेले गुपचूप घडी करून परत ठेवतो. ह्या बाबतीत मी शंभर टक्के तिच्या बाजूने आहे.