शिंगे वाजवून नर बोलावताना : दक्षिण टेक्सासच्या काटेरी रानातील दोन दिवस

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ह्यूस्टनमधील एका सहकाऱ्याच्या निमंत्रणावरून, मी कोटुलाजवळच्या एका खासगी रँचवर दोन दिवस पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीसाठी गेलो होतो. मचाणावर बसून मक्याच्या दाण्यांवर येणाऱ्या हरणाची वाट पाहणे हा टेक्सासमधील नेहमीचा प्रकार आहे. आम्हाला मात्र जमिनीवर बसून, शिंगांवर शिंगे आपटून दोन नरांच्या झुंजीचा आभास निर्माण करायचा होता आणि त्या आवाजावर तिसरा नर येतो का, हे पाहायचे होते. येथे या प्रकाराला ‘रॅटलिंग’ म्हणतात.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आधी तारखांचा विचार करावा. टेक्सासच्या बऱ्याच भागांत या हरणांचा माज नोव्हेंबरमध्ये भरात असतो, परंतु दक्षिणेकडील या झुडपी पट्ट्यात तो डिसेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत शिगेला पोहोचतो. सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होत असला आणि दक्षिण विभागात जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत चालत असला, तरी रॅटलिंगसाठी यातील तीनचार आठवडेच खऱ्या अर्थाने उपयोगाचे असतात. माद्या माजावर येण्याच्या थोडे आधी नर सर्वाधिक अस्वस्थ असतात. एकदा नराला मादी मिळाली की तो तिला सोडून दुसऱ्यांची भांडणे पाहायला सहसा येत नाही. जेथे माद्या फार आणि नर थोडे, तेथे नरांना झुंजण्याची गरजच पडत नाही. म्हणून नर-मादींचे प्रमाण राखणाऱ्या रँचवर ही युक्ती जशी चालते, तशी ती सर्वत्र चालेल असे गृहीत धरू नये.

कागदपत्रांविषयी आपल्या मंडळींसाठी एक मुद्दा सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना, म्हणजे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसाधारकांनाही, अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातील एक मान्य अपवाद आहे. त्यामुळे परवाना खिशात येईपर्यंत मित्राची रायफल सहज म्हणूनही हातात घेऊ नये. शिवाय २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागतो. तो मी ऑक्टोबरमध्येच उरकला होता.

सॅन अँटोनिओपासून आंतरराज्य महामार्ग ३५ ने लारेडोच्या दिशेने सुमारे दीड तास गेले की कोटुला येते. तेथील रान पाहून विदर्भ-मराठवाड्यातील माणसाला परके वाटणार नाही. मेस्कीट हे झाड आपल्या वेड्या बाभळीच्या अगदी जवळच्या नात्यातले आहे, आणि ज्याला तेथे ‘हुइसाचे’ म्हणतात ती तर आपली देवबाभूळच. फड्या निवडुंग आहेच. या काट्यांमध्ये मांडी घालून बसायचे असल्याने जाड कॅनव्हासची विजार आणि बसायला जाड गादीचा तुकडा अवश्य न्यावा. पहिल्या दिवशी मी साधी जीन्स घातली होती आणि रात्री चिमट्याने काटे काढत बसलो. डिसेंबरातही दुपारी ऊन तापले तर रॅटलस्नेक बाहेर पडतात, म्हणून सर्परोधक बूट हा हौसेचा भाग समजू नये.

पहिल्या सकाळी आम्ही एका सेंदेरोच्या, म्हणजे झुडपे कापून काढलेल्या सरळ पट्ट्याच्या, कडेला बसलो. माझे लक्ष समोरच्या मोकळ्या जागेवर होते, कारण नर तेथून येईल अशी माझी भाबडी कल्पना होती. सहकाऱ्याने आधी शिंगांची टोके हलकेच एकमेकांवर घासली, मग ती जोराने आपटली, पिळली, मधूनच झुडपांच्या फांद्या मोडल्या आणि शिंगांच्या बुंध्यांनी जमीन ठोकून खुरांचा आवाज काढला. दीड मिनिटानंतर तो थांबला. सहा-सात मिनिटांनी माझ्या पाठीमागे, जेमतेम तीस यार्डांवर, एक जोरदार फुत्कार ऐकू आला. वळेपर्यंत उभारलेली पांढरी शेपटी झुडपात दिसेनाशी झाली होती. तो नर वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आमच्यावरून वाहणारा वारा जिकडे जात होता त्या बाजूला, आला होता आणि त्याने आमचा वास घेतला होता. सहकारी काही बोलला नाही, पण पुढच्या बैठकीत त्याने मला स्वतःपासून चाळीस यार्ड दूर, वारा ज्या दिशेला वाहत होता त्या बाजूला, पाठमोरे बसवले.

माझ्या मते या संपूर्ण प्रकाराचे मर्म याच मांडणीत आहे. शिंगे कशी वाजवावीत यावर लोक तासन्‌तास बोलतात, परंतु अनुभवी नर आवाजाच्या दिशेने सरळ चालत न येता आधी वास घेण्यासाठी वळसा घेतो, हे लक्षात घेऊन बंदूकधारी व्यक्ती त्या वळशाच्या वाटेवर बसलेली असावी लागते. एकट्याने जायचे असल्यास वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोकळी जागा, रस्ता किंवा कोरडा ओढा येईल अशीच जागा निवडावी, म्हणजे नराला उघड्यावर यावेच लागते. वारा सुसाट असेल तर सरळ तंबूत परतून कॉफी प्यावी.

आवाजाच्या बाबतीत मात्र संकोच नको. सिंटनजवळच्या वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात जोरदार खडखडाटाला हळू आवाजाच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट नर आले, असे आढळले होते. त्या वेळी उंच मनोऱ्यांवर बसलेल्या निरीक्षकांना असेही नर दिसले, जे खाली शिंगे वाजवणाऱ्याला दिसलेच नाहीत. आमच्या पहिल्या सकाळचा तो फुत्कार ऐकू आला नसता, तर ‘काहीच आले नाही’ अशी नोंद मीही केली असती. नळीत फुंकून काढायचा घुरघुराट, म्हणजे ग्रंट कॉल, आम्ही खडखडाटानंतर दोन-तीन वेळाच वापरला. नर दिसल्यावर तो थबकला, तरच पुन्हा फुंकावा, एरवी गप्प राहावे. प्रत्येक बैठकीनंतर किमान वीस मिनिटे हालचाल न करता थांबावे आणि मगच अर्धा मैल पुढे सरकावे.

दोन दिवसांत आम्ही नऊ बैठका केल्या. पाच कोऱ्या गेल्या, तीन वेळा दीड-अडीच वर्षांचे कोवळे नर धावत आले आणि बुचकळ्यात पडून उभे राहिले. दुसऱ्या सकाळी, ढगाळ हवेत आणि जवळजवळ पडलेल्या वाऱ्यात, आठच्या सुमारास मान फुगलेला, मागच्या पायांवरील ग्रंथी काळ्या पडलेला एक प्रौढ नर माझ्यासमोरच्या ओढ्यातून मान खाली घालून वर आला. साठ यार्डांवरून एकच गोळी लागली. शिकार परवान्यासोबत मिळणाऱ्या टॅगवरची, म्हणजे चिठ्ठीवरची, तारीख आणि महिना कापून तो तेथल्या तेथे प्राण्याला लावावा लागतो, म्हणून पेन, चाकू आणि दोरी एकाच खिशात ठेवावी.

सार्वजनिक जागेवर जाणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. टेक्सासमधील बहुतांश जमीन खासगी आहे, पण कोटुलाजवळच्या चॅपरल वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियासारख्या ठिकाणी सोडतीने संधी मिळते. तुमची झुंज खरी वाटली तर दुसरा शिकारीही तिच्या दिशेने येऊ शकतो; म्हणून झगझगीत नारिंगी (फ्लोरोसंट) जाकीट व टोपी घालावी, पाठीमागे रुंद बुंधा असलेले झाड घ्यावे आणि खरी शिंगे पाठीवर उघडी कधीही वाहू नयेत. शिंगांऐवजी काड्यांची पिशवी, म्हणजे रॅटल बॅग, चालते. तिचा आवाज थोडा कमी पडतो, पण बोटे शाबूत राहतात. खरी शिंगे वापरायची असल्यास कपाळाजवळची टोके आधी कापून घ्यावीत.

परतीच्या प्रवासासाठी दोन मोठे कूलर आणि भरपूर बर्फ हवा. मांस पाण्यात बुडू नये म्हणून कूलरची बूच उघडी ठेवून गाडी थोडी तिरकी लावावी. या मांसात चरबी फारच कमी असते, त्यामुळे मालवणी मसाल्यात शिजवताना आमच्या घरी तेल नेहमीपेक्षा जास्त पडले आणि मांडीच्या तुकड्यांना कुकरच्या सहा शिट्ट्या लागल्या.