दोन वायसर

विमान पडलं तेव्हा आवाज काही फार झाला नाही. ज्वारी काढलेलं रान, त्यातल्या एका थोराड ढेकळाला नाक लागलं, 'टक्' झालं, बास. पळत जाऊन पाहिलं तर पंख शाबूत, शेपूट शाबूत. मोटर मात्र तीन वायरींवर लोंबकळत होती, वेलीवरच्या दोडक्यासारखी. तिला धरून ठेवणाऱ्या लाकडी चकतीचे तीन तुकडे झाले होते. दोन सापडले. तिसरा परभणीच्या काळ्या मातीनं ठेवून घेतला.

थर्माकोलचं, रिमोटवर उडणारं, पाऊण किलोच्या आतलं विमान. मोटरचा आकडा 2212. आतल्या गाभ्याचा व्यास 22 मिलिमीटर, उंची 12. इतकं सरळ नाव माणसांतही कुणाचं नसतं. शेजारी '1000 केव्ही' छापलेलं असतं. ते किलोव्होल्ट समजून मी पहिल्यांदा तिला काठीनं ढोसायच्या बेतात होतो. खरा अर्थ एवढाच की एका व्होल्टमागे हजार फेरे. बॅटरी 11.1 व्होल्टची, म्हणजे पंखा न लावता मिनिटाला अकरा हजार फेरे. आणि हे सगळं पेलायचं कुणी, तर बिस्किटाएवढ्या लाकडानं.

पहिली दुरुस्ती मी घरीच केली. आंब्याच्या खोक्याची फळी कापली, चार भोकं पाडली, स्क्रू आवळला आणि फळी रेषेरेषेनं उभी चिरली. दुसरी फळी चिरली नाही, पण घाईघाईत ती झटपट गोंदानं चिकटवायला गेलो आणि त्या गोंदानं थर्माकोलच खाल्लं. नाकाच्या जागी बोट जाईल एवढं बीळ पडलं. बायको म्हणाली, "आता उंदीर पाळा त्याच्यात."

मग मुकाट्यानं कोपऱ्यावरच्या सुतारमामांकडं गेलो. मामांनी उमेदीत वखरं आणि तिफणी केल्या. ट्रॅक्टर आल्यापासून दारं आणि दिवाण करतात. माझी चिरलेली फळी त्यांनी उन्हात धरली. "सर, ह्याच्या रेषा सगळ्या एकीकडंच चालल्यात. चिरंल न्हाई तर काय?" भुशातून त्यांनी 3 मिलिमीटर प्लायचा तुकडा उचलला. प्लायचा एक थर उभा, एक आडवा. चीर एका थरातून निघाली तरी पुढचा तिला आडवा येतो. मी म्हटलं, मामा, जाडजूड द्या, पुन्हा तुटायला नको. ते म्हणाले, "तुटू द्या की. रोटाव्हेटरचा बोल्ट तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. हे न्हाई तुटलं तर तुमचं इमान फुटंल." तीनवरच थांबलो.

या खेपेला गोंद म्हणून दोन नळ्यांतलं इपॉक्सी, डब्याच्या झाकणावर कालवलेलं. डबीवर पाच मिनिटं लिहिलं होतं. आमच्याकडच्या दुपारी ते तिसऱ्या मिनिटालाच हट्टाला पेटलं. स्क्रू आखूडच घ्यावे लागतात, कारण लांब स्क्रूचं टोक आत तांब्याच्या गुंडाळीला टेकलं की धूर निघतो. हे मला कसं माहीत, ते राहू द्या.

आता खरी मेख. मोटर नाकावर अगदी सरळ बसवायची नसते. पंखा एका बाजूला फिरतो तसं विमान उलट्या बाजूला, बहुधा डावीकडं, ओढ खातं. म्हणून मोटरचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडं वळवून ठेवतात. मामांना हे सांगायला मला दहा मिनिटं लागली, त्यांना कळायला अर्धं. "म्हंजी पाचर मारायची." वखर खोल जायला लागला की पाचर ठोकून कोन बदलायचा, यात त्यांची हयात गेलेली. हिशेब मी केला: भोकांमधलं अंतर 19 मिलिमीटर, तीन अंशांना एका बाजूला एक मिलिमीटर उचल हवी. अर्ध्या मिलिमीटरचे दोन वायसर. हिशेब बिनचूक आला म्हणून मी दिवसभर खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सातला, वारा उठायच्या आत, हातानं विमान फेकलं. ते डावीकडं असं वळलं की जणू मागं काहीतरी विसरून आलंय. मी घाबरून मोटर बंद केली, ते बांधावरच्या गवतात जाऊन निजलं. तुटलं काही नाही.

मामांनी नाक बघितलं. "वायसर कुठं घातले?"

"डावीकडं. डावी बाजू उचलली की तोंड उजवीकडं."

"कुणाच्या डावीकडं?"

मी गप्प. स्क्रू आवळताना विमान माझ्याकडं तोंड करून मांडीवर होतं. माझं डावं ते त्याचं उजवं.

"बैलाचं डावं-उजवं तोंडाकडून धरतेत व्हय सर? मागं उभारून बघा." एवढं बोलून ते दाराच्या चौकटीकडं वळले. पैसे विचारले तर म्हणाले, भुशातल्या तुकड्याचे कसले पैसे.

वायसर बदलले, विमान सरळ गेलं. सांगण्यासारखं त्यात फार नाही. सरळ जाण्यात बघण्यासारखं काही नसतंच. पण पुन्हा घोळ नको म्हणून मी त्याच्या पाठीवर स्केचपेननं एकीकडं 'डा' आणि एकीकडं 'उ' लिहून ठेवलं. शेजारचं लेकरू रोज येऊन विचारतं, "काका, डाउ कधी उडवायचंय?"