तुम्ही विचारलंत म्हणून: विरोधातल्या आमदाराचा उपयोग काय?

नागरिकशास्त्र शिकवतो म्हटल्यावर पालक हमखास विचारतात, "सर, सत्तेत नसलेल्याला मत देऊन काय उपयोग? निधी तर सत्ताधाऱ्यांनाच मिळतो."

निधीचं म्हणणं खोटं नाही, आणि ते संतापजनकच आहे. पण आमदार काही फक्त रस्ते-गटारांसाठी नसतो. सरकारला जाब विचारणं हे त्याचं पहिलं काम.

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी एकदा वाचून बघा. 'हे खरे आहे काय?' असं एकेका मुद्द्यावर विचारलेलं असतं. मंत्र्यांच्या लेखी उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' एवढं जरी आलं, तरी उपप्रश्नांना वाट मिळते आणि मंत्र्यांना सभागृहात उभं राहून बोलावं लागतं. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतात, कधी कधी फार चांगले विचारतात. पण स्वतःचं सरकार अडचणीत येईपर्यंत ते सहसा ताणत नाहीत.

म्हणूनच विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली की मला वाईट वाटतं. 2024 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत 288 पैकी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला 20, काँग्रेसला 16 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला 10 जागा मिळाल्या. या पदासाठी लागतात म्हणतात त्या एक दशांश, म्हणजे 29, जागा कुणाकडेच नाहीत, हे कारण पुढे आलं. डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनात तर दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता.

ही एक दशांशाची अट संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांच्या 1977 च्या कायद्यात शोधून सापडत नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच तिथे आहे. बाकी सगळा जुना संकेत. तो काँग्रेसच्या राजवटीतही वापरला गेला. 1980 आणि 1984 नंतर लोकसभेत हे पद रिकामंच होतं. उलट 2015 मध्ये दिल्ली विधानसभेत भाजपचे 70 पैकी अवघे 3 आमदार होते, तरी आम आदमी पक्षाच्या विधानसभा अध्यक्षांनी त्यांच्या नेत्याला मान्यता दिली. मनात असलं तर होतं.

विरोधकांनीही या पदाची शान राखलेली नाही. राधाकृष्ण विखे पाटील हे पद सोडून 2019 मध्येच मंत्री झाले, अजित पवार 2023 मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्रिपदावर गेले. विरोधात बसा म्हणून ज्यांनी मतं दिली, त्यांना कुणी विचारलं?

तेव्हा पुढच्या वेळी आमदार भेटले, की निधीबरोबर एवढंही विचारा: गेल्या अधिवेशनात तुमचे प्रश्न कोणते होते?