‘गरज वाटल्यास मेश’ : इम्प्लांट बदलताना एका ओळीवर अडलेले पाच आठवडे

संमतीपत्र अख्खं छापील होतं, फक्त एक ओळ पेनाने लिहिलेली होती : ‘गरज वाटल्यास मेश.’ मेश म्हणजे आतून शिवायची जाळी. या तीन शब्दांपायी स्तनांतली इम्प्लांट्स बदलायचं माझं ऑपरेशन पाच आठवडे पुढे गेलं. ऑपरेशन होऊन आता नऊ महिने झाले, तरी ती ओळ आठवली की अजून डोकं तापतं.

बारा वर्षांपूर्वी मी दोन्ही बाजूंना सिलिकॉनची इम्प्लांट्स बसवून घेतली होती. उजवं जागेवर राहिलं, डावं मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत हळूहळू खाली उतरलं. स्तनाखालच्या घडीत लपून असलेला टाक्यांचा व्रण उघड स्तनावर दिसायला लागला आणि निपल वर बघू लागलं. डॉक्टरांनी टेप लावून निपलपासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर मोजलं. उजवीकडे साडेसात सेंटिमीटर भरलं, डावीकडे अकरा. याला ‘बॉटमिंग आउट’ म्हणतात. दोन्ही इम्प्लांट्स बदलायची, इम्प्लांट ज्यात बसतं तो डावा कप्पा वर उचलून लहान करायचा, हे पहिल्याच भेटीत ठरलं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, भूलतज्ज्ञांची भेट, सगळं बिनबोभाट पार पडलं.

आणि मग ती ओळ आली.

जाळी कशासाठी लावतात हे मला पटलेलं होतं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. कप्पा लहान करताना हे आवरण खालून टाके घालून आवळतात. पण त्या टाक्यांवर रात्रंदिवस वजन येतं. ३५० सीसीचं इम्प्लांट म्हणजे जवळपास ३५० ग्रॅम. आवरण पातळ असेल तर टाके त्याला कापत जातात आणि इम्प्लांट पुन्हा खाली येऊ शकतं. आतून जाळी शिवली की वजन दोन-चार टाक्यांवर न येता सगळीकडे वाटलं जातं. म्हणूनच हिला ‘इंटर्नल ब्रा’ म्हणतात. जाळीला माझा विरोध नव्हताच. कुठली जाळी, एवढंच मला सही करण्याआधी कळायला हवं होतं.

कारण ‘मेश’ ही काही एक वस्तू नाही. पॉलिग्लॅक्टिनची जाळी दोन-तीन महिन्यांत विरघळते. पॉलिडायॉक्सानोनची काही महिने टिकते. पी-४-एचबी नावाच्या पदार्थाची दीड ते दोन वर्षं राहते आणि तेवढ्यात तिच्यातून आपली स्वतःची ऊती वाढते. पॉलिप्रॉपिलीनची जाळी कायमची. तिच्यात ऊती रुजली की पुढे काढायची वेळ आली तर सोलून काढणं जिकिरीचं होतं. शिवाय एडीएम असतं, म्हणजे पेशी काढून टाकलेली माणसाची, डुकराची किंवा गाईची त्वचा. यातलं काहीही त्या तीन शब्दांत बसत होतं. माझ्या शरीरात तीन महिन्यांची पाहुणी येणार की जन्माची सोबतीण, हे कागद सांगत नव्हता.

रिसेप्शनवर विचारलं तर उत्तर आलं, “ते डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी ठरवतात, मॅडम.” कोऑर्डिनेटरला फोन केला तर “विचारून सांगते”. चार दिवसांनी पुन्हा केला तर “डॉक्टर ओटीत आहेत”. ईमेल पाठवली, त्याच्या उत्तरादाखल तेच संमतीपत्र पुन्हा आलं, तीच ओळ, तेच अक्षर. तिसऱ्यांदा मी आणि ताई स्वतः जाऊन बसलो. पावणेदोन तासांनी बाहेर आलेल्या बाईंनी सांगितलं, “सगळ्याच पेशंट यावर सही करतात. तुम्ही थांबलात तर तारीख जाईल.”

तारीख जाऊ दे, असं मी तिथेच सांगितलं. ताई काही बोलली नाही, नुसती माझी फाइल उचलून उभी राहिली. त्या क्षणी मला तिचा फार आधार वाटला.

माझा हट्ट अवाजवी नव्हता, हे घरी आल्यावर वाचताना आणखी पटलं. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्जन मंडळींना पत्र पाठवून कळवलं होतं की स्तनांच्या शस्त्रक्रियेत वापरण्यासाठी कुठल्याही सर्जिकल मेशची सुरक्षितता आणि परिणामकारकता त्यांनी ठरवलेली नाही. म्हणजे या जाळ्या इतर कामांसाठी मंजूर आहेत आणि सर्जन आपल्या अनुभवावर त्या इथे वापरतात. तसं वापरणं बेकायदा नाही, आणि अनेकींना त्याचा उपयोगही झालेला आहे. पण ही गोष्ट पेशंटला तोंडावर सांगायला हवी आणि कागदावर यायला हवी. माझ्या कागदावर तिचा मागमूस नव्हता.

शेवटी मी एक काम केलं, ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. फोन, ईमेल सोडून डॉक्टरांची वेगळी अपॉइंटमेंट घेतली आणि विषय लिहिला : ‘फक्त मेश’. प्रश्न एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून नेले. पान त्यांच्या टेबलावर ठेवलं, हातात धरलं नाही. समोर पान असलं की डॉक्टर एकेक प्रश्न घेत खाली येतात.

डॉक्टर चांगले निघाले, हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. त्यांनी ड्रॉवरमधून नमुन्याचं पाकीट काढलं आणि जाळीचा तुकडा माझ्या हातात दिला. तळहाताएवढा, पांढरा, मच्छरदाणीपेक्षा जाड विणीचा. मुठीत दाबला, सोडला, तर तो पुन्हा सरळ झाला. कडेवरून बोट फिरवलं तेव्हा किंचित खरखरीत लागलं. “कातडी पातळ असली तर ही कड पहिले काही महिने बाहेरून हाताला लागू शकते,” डॉक्टर म्हणाले. पाच आठवडे मी जिच्यासाठी भांडत होते ती वस्तू हातात घेतल्यावर अर्धी भीती गेली.

मग मी विचारलं, जंतुसंसर्ग झाला तर? उत्तर सरळ होतं. आधी अँटिबायोटिक्स, नाहीच आटोक्यात आला तर जाळीही काढायची आणि इम्प्लांटही, आणि नवीन बसवण्याआधी काही महिने थांबायचं. पाणी साचण्याचा, म्हणजे सेरोमाचा धोकाही त्यांनी सांगितला. सिगारेट ओढणाऱ्यांनी ती आधी काही आठवडे पूर्ण बंद करायची, निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यासुद्धा नाहीत. मी ओढत नाही, पण वाचणाऱ्या कुणाच्या कामी येईल.

आणि ज्याला मी पूर्ण निर्णयात सगळ्यात जास्त किंमत देते ते त्यानंतर आलं. मी विचारलं, जाळी नको असेल तर काय? डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. ३५० ऐवजी २७५ घेतलं तर टाक्यांवरचा भार आपोआप उतरतो. जुनाच आकार हवा या आग्रहापायी मी ही वाट बघितलीच नव्हती. जाळीचा विचार करणाऱ्या प्रत्येकीने आधी आकाराचा विचार करावा, असं मी आता ठामपणे म्हणते. मी २७५ वर आले.

हे मध्येच आठवलं म्हणून लिहिते : जुन्या इम्प्लांटचं कार्ड शोधून ठेवा. पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत ते त्यावरून कळतं. ॲलर्गन कंपनीची बायोसेल ही खरखरीत इम्प्लांट्स लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळल्यामुळे जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत घेतली गेली. माझी गुळगुळीत होती, पण हे कळायलाही मला कपाटातली तीन खोकी उपसावी लागली.

त्याच भेटीत डॉक्टरांनी ती ओळ खोडली आणि माझ्यासमोर नवीन लिहिली. ‘डावी बाजू : कॅप्सूल पातळ आढळल्यास पी-४-एचबी मेश, विरघळण्याचा काळ दीड ते दोन वर्षे. उजवी बाजू : मेश नाही. कायमस्वरूपी मेश कुठेही नाही. स्तनशस्त्रक्रियेसाठी मंजूर नसलेला वापर, पेशंटला समजावला आहे.’ खाली त्यांची सही, माझी सही, तारीख. लिहायला चार मिनिटं लागली असतील. त्या चार मिनिटांसाठी पाच आठवडे! मला त्या कागदाचा अभिमान आहे.

ऑपरेशन सुरळीत झालं. डावं आवरण खरोखरच पातळ निघालं आणि जाळी लावावी लागली, घड्याळाचा काटा चारपासून आठपर्यंत फिरेल तेवढ्या भागात. डावीकडे चार दिवस ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी होती. सहा आठवडे रात्रंदिवस आधाराची ब्रा घालायची होती, तारेची नाही. जड काही उचलायचं नव्हतं, पालथं झोपायचं नव्हतं. उशा दोन्ही बाजूंना रचल्याशिवाय मला झोप लागत नसे.

अजून एक. डिस्चार्जच्या दिवशी फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर होते, जाळीचा नव्हता. मागितला तेव्हा सिस्टर आत जाऊन घेऊन आल्या. त्यावर पदार्थाचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं किंवा मॅमोग्राफीच्या वेळी कुणी विचारलं, तर दाखवायला तेवढाच पुरावा हाताशी असतो. मी तो इम्प्लांट कार्डच्या मागे चिकटवून ठेवला आहे.

परवाच्या तपासणीत डावीकडचं अंतर आठ सेंटिमीटर भरलं. बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर जाळीची कड अजून लागते, पहिल्यापेक्षा कमी. जाळी विरघळेपर्यंत अजून निदान नऊ महिने आहेत आणि त्यानंतर सगळा भार माझ्याच ऊतींवर येणार आहे. तेव्हा पुन्हा टेप लावायची, तारीख मी आत्ताच घेऊन ठेवली आहे.