शरणपूरच्या अलीकडे की पलीकडे?

दिवसातून एकदा तरी मी कुणाला तरी फोनवर आमच्या नाशकातला पत्ता सांगत असतो. "शरणपूर रोड. हो, कॅनडा कॉर्नरहून पुढे." पलीकडून पार्सलवाला दादा विचारतो, "पुढे म्हणजे शरणपूरच्या अलीकडे की पलीकडे?" मग देऊळ, मेडिकल, पिवळा गेट अशी सगळी यादी. बाहेरगावचे पाहुणे येतात, ते कॅनडा कॉर्नरला कॅनडा कुठून आला हे हमखास विचारतात. शरणपूरला शरण कोण आलं, असं मात्र आजवर कुणी विचारलं नाही. मीही नाही. रोज तोंडात घोळणाऱ्या शब्दाची चघळलेल्या सुपारीसारखी चवच जाते.

ती परत आली एका कंटाळवाण्या दुपारी. वाचत होतो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाबद्दल, आणि मध्येच आलं नाशिक! परक्या गावच्या लग्नात अचानक आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं झालं.

शरणपूर ही ख्रिस्ती मिशनने १८५०च्या दशकात वसवलेली वस्ती. पुढे तिथे आफ्रिकेतली मुलं आली. ती स्वतःहून आली नव्हती आणि त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. हिंदी महासागरात फिरणाऱ्या ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनी गुलामांची गलबतं धरली, आणि त्यांतून जी माणसं निघाली त्यांतली काही एडनला, काही सेशेल्सला, तर काही मुंबईला उतरवली. मुंबईतून काही मुलं नाशकात. त्यांची गावं आफ्रिकेच्या पार आत होती. तिथे परत सोडायचं म्हणजे पुन्हा त्याच व्यापाऱ्यांच्या वाटेवर सोडायचं. म्हणून सुटका झाली ती घरापासून समुद्रापलीकडे.

हे गस्तीचं काम ऐकायला शूरवीराचं वाटतं. प्रत्यक्षात ते बरंचसं कारकुनी होतं. जुन्या तहांनुसार झांझिबारच्या सुलतानाच्या मुलखातल्या मुलखात गुलामांची ने-आण चालायची, बाहेर नेणं तेवढं बंद. आता गलबत आतल्या आत चाललंय की बाहेर, हे पाण्यावर कसं ओळखायचं? डेकवर बसलेला माणूस खलाशी, उतारू की गुलाम? दुभाषा सांगेल ते खरं. त्यात इनामाची भानगड. सोडवलेल्या गुलामामागे ५ पौंड, शिवाय जप्त गलबताच्या टनांवर वेगळे पैसे, आणि ते जहाजावरच्या सगळ्यांत वाटले जायचे. सरळ व्यापार करणाऱ्यांची गलबतंही जाळली जातात, अशी ओरड तेव्हाच झाली होती. मला ती खोटी वाटत नाही. पुण्याच्या कामाला कमिशन लावलं की पुण्याचा हिशोब बिघडतोच.

'डॅफ्नी' जहाजाचा कप्तान जॉर्ज सलिव्हन याने या पाठलागांवर १८७३ मध्ये पुस्तकच लिहिलं. त्याच वर्षी मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांझिबारला तह करायला गेले. सुलतान बर्गश आधी ऐकेना, पण नाकेबंदीची धमकी आली तेव्हा जूनमध्ये त्याने सही केली. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. चोरटा व्यापार मात्र चालूच राहिला, म्हणून 'लंडन' नावाचं जुनं दोन मजली युद्धनौकेचं धूड झांझिबारच्या बंदरात आणून उभं केलं. क्रिमियाच्या युद्धात तोफा डागलेली ही म्हातारी आता बसल्या जागी पोलीस चौकीचं काम करणार. तिच्या लहान होड्या झांझिबारशेजारच्या पेम्बा बेटाच्या खाड्यांतून हिंडायच्या. होडीतच झोप, होडीतच जेवण, आणि तापाने माणसं आडवी व्हायची.

'लंडन'चा कप्तान ब्राउनरिग डिसेंबर १८८१ मध्ये अशाच फेरीवर होता. समोरच्या गलबतावर फ्रेंच निशाण. फ्रेंच निशाणाखालच्या गलबताची झडती फ्रान्स घेऊ देत नसे, म्हणून गुलामांचे व्यापारी ते हौसेने फडकवायचे. कप्तान नुसते कागद बघायला निघाला होता. लढायची तयारीच नव्हती. गलबतावरच्यांनी जवळून गोळ्या घातल्या, त्यात तो गेला.

पण मला या सगळ्यात सगळ्यांत जवळचा वाटतो तो जेकब वेनराइट. लहानपणी गुलामांच्या गलबतातून सोडवलेला, नाशकात शिकलेला. शरणपूरला मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवत. १८७३च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या आत, चितांबोच्या गावात आफ्रिका पालथी घालणारे इंग्रजी मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन वारले तेव्हा हा त्यांच्या माणसांत होता. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव नि तारीख कोरली. मग वाळवलेला देह कापडात गुंडाळून कित्येक महिन्यांची पायपीट. किनाऱ्यावर बागामोयोला तो देह ताब्यात घ्यायला आलं आरमाराचंच जहाज, 'व्हल्चर'. जेकब देहासोबत थेट लंडनला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावून उभा राहिला. झाडावर अक्षरं कोरताना पटाशी कशी धरायची, हे त्याला आपल्या नाशकातल्याच कुणा सुताराने दाखवलं असेल का? असेलही. मी आपलं असंच म्हणतो, पुरावा नाही.

पुढे शरणपूरचे पाद्री प्राइस यांनी आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ नवी वस्ती उभारली, फ्रिअरटाउन. नाशकातली, मुंबईतली आफ्रिकी मंडळी तिकडे गेली. इकडच्या लेखी ती आफ्रिकी होती, तिकडे त्यांचं नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन'. तिथे एक घंटा टांगली होती. गुलाम पकडणारे येताना दिसले की वाजवायची. घंटेचा तो मनोरा अजून उभा आहे आणि त्या नाक्याला स्वाहिलीत 'केंगेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. मिनीबसचा थांबाही त्याच नावाने चालतो.

परवा पुन्हा फोन आला. "साहेब, शरणपूरच्या अलीकडे की पलीकडे?" मी क्षणभर गप्पच. केंगेलेनीलाही आत्ता कुणीतरी कानाला फोन लावून वैतागलेला असणार, घंटेच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत.

"हॅलो? आवाज येतोय ना?"

"येतोय, येतोय," म्हटलं. "पलीकडे. पिवळा गेट."